अमेरिकेची वेळ: तास पाठ करू नको, गाव विचार

नांदेडच्या एका पोराचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या ट्रकच्या डिस्पॅचला, म्हणजे इथं बसून तिकडच्या ड्रायव्हरला माल आणि वेळा ठरवून द्यायच्या कामाला, लागून त्याला दोन महिने झालेत. सीनियरने पहिल्या दिवशी सांगितलं की अमेरिका आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं आहे, मग डॅलसचा ड्रायव्हर साडेअकरा तासांचा हिशोब सांगायला लागला, फिनिक्सचं भलतंच निघालं, आणि आता सगळे म्हणायलेत की मार्चमध्ये हे सगळं परत बदलणार. तर ताई, एकच फॉर्म्युला सांगा, आणि एवढा मोठा देश आपल्यासारखी एकच वेळ काहून ठेवत नाही, आणि मनगटातलं घड्याळ डॅलसच्या वेळेवर लावून ठेवू का?

मी अकरा वर्षं हेच काम करतेय, आधी पुण्यात ऑफिसमधून आणि आता सहा वर्षं लातूरला घरूनच. तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा असशील म्हणून अरेतुरे करते.

पहिलं म्हणजे फॉर्म्युला मागू नको. जो माणूस साडेदहा तास म्हणून डोक्यात पक्कं करतो ना, तोच मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये हमखास आपटतो, मी असे हुशार हुशार पोरं बघितलेत. प्रत्येक वेळी दोनच गोष्टी विचारायच्या, कुठल्या गावचं घड्याळ आणि कुठली तारीख. नुसतं "सकाळी ९" ही वेळच नाही, "डॅलसचे सकाळी ९, सोमवार" ही वेळ झाली.

आता एकच वेळ काहून नाही ते बघ, ते समजलं की बाकीचं पाठ करायची गरजच पडत नाही. पृथ्वी २४ तासात एक फेरी मारते म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. तू नांदेडचा आहेस, रमजानमध्ये इफ्तारचं टाइमटेबल बघितलं असशीलच, नांदेडचं आणि संभाजीनगरचं एक नसतं, नांदेडला सात-आठ मिनिटं आधी रोजा सुटतो. काहून, तर दोन्ही गावांत साधारण दोन अंशांचं अंतर आहे आणि नांदेड पूर्वेला. सूर्य प्रत्येक गावाला वेगळा उगवतो, घड्याळ मात्र आपण सगळ्यांनी ठरवून एक केलंय. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर धरलंय, ती रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या जवळून जाते, म्हणून आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. लातूर त्या रेघेच्या पश्चिमेला, म्हणून वर्षाची सरासरी धरली तर आमच्याकडं सूर्य डोक्यावर येतो १२ वाजून २४ मिनिटांनी, बरोबर १२ ला नाही. भारताची ही एक वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईत स्वातंत्र्यापर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं वेगळी मुंबई टाइम चालायची, ३९ मिनिटं मागं! एकाच शहरात रेल्वेची वेळ एक आणि बाकीची एक असं लोकांनी वर्षानुवर्षं चालवलंय.

भारत पूर्व-पश्चिम २९ अंशांच्या आसपास आहे, म्हणजे द्वारका आणि अरुणाचलच्या टोकात सूर्याचा दोन तासांचा फरक. एवढा फरकही तिकडच्या लोकांना जड जातो, आसामच्या चहाच्या मळ्यात अजूनही बागान टाइम म्हणून एक तास पुढची वेळ पाळतात. अमेरिकेची मुख्य भूमी तर ५८ अंशांची, म्हणजे जवळपास चार तास. तिथं न्यूयॉर्कची वेळ सगळ्या देशाला लावली तर डिसेंबरात सिएटलला सूर्य उगवायला ११ वाजायला येतील, पोरांनी शाळेत जायचं कधी? चीनने मात्र एकच वेळ ठेवली आहे, पण तिकडं पश्चिमेला शिनच्यांगमध्ये बरेच लोक आपसात दोन तास मागची वेळ वापरतात, म्हणजे कागदावर एक केलं तरी माणसं शेवटी सूर्याकडंच बघतात.

अमेरिकेत आधी प्रत्येक गावाची आपापली वेळ होती, गावच्या डोक्यावर सूर्य आला की १२. रेल्वे आल्यावर हे चालेना, एकाच रुळावर दोन गाड्यांची घड्याळं वेगळी असली तर काय होईल सांगायला नको. म्हणून १८ नोव्हेंबर १८८३ ला तिथल्या रेल्वे कंपन्यांनी मिळून झोन, म्हणजे एकच वेळ पाळणारे पट्टे, पाडले, सरकारने कायदा केला तो १९१८ ला. आजही हे झोन बघायचं काम तिथल्या वाहतूक खात्याकडंच आहे. आपला धंदा वाहतुकीचा आणि हे झोन वाहतुकीतूनच निघालेत, म्हणून मला हा विषय परका कधी वाटलाच नाही.

मुख्य भूमीवर चार झोन, पूर्वेकडून ईस्टर्न, सेंट्रल, माउंटन, पॅसिफिक, पुढं अलास्का आणि हवाई. आपल्यापासूनचा फरक हिवाळ्यात ईस्टर्न साडेदहा तास, सेंट्रल साडेअकरा, माउंटन साडेबारा, पॅसिफिक साडेतेरा. उन्हाळ्यात प्रत्येकात एक तास कमी, म्हणजे साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा, साडेबारा. आता बघ गडबड कुठं होते, "साडेदहा" हा आकडा हिवाळ्यात न्यूयॉर्कचा आणि उन्हाळ्यात डॅलसचा. तुझा सीनियर खोटं बोलला नाही, त्याने गाव सांगितलं नाही आणि महिना सांगितला नाही, एवढंच.

झोनची रेघ राज्याच्या हद्दीवरून जाते असं समजू नको, ही नव्या पोरांची सगळ्यात मोठी चूक. टेक्सास म्हणजे सेंट्रल असं सगळे म्हणतात पण एल पासो माउंटनमध्ये आहे. फ्लोरिडा ईस्टर्न, पण पेन्साकोला सेंट्रल. टेनेसी तर मधोमध कापलंय, नॉक्सव्हिल आणि चॅटनूगा ईस्टर्न, नॅशव्हिल आणि मेम्फिस सेंट्रल. केंटकी, इंडियाना, कॅन्सस, नेब्रास्का, दोन्ही डकोटा, आयडाहो यांचंही तसंच. म्हणून राज्य विचारू नको, गाव विचार.

याचा गाडीवर परिणाम कसा होतो ते बघ. चॅटनूगाहून ड्रायव्हर सकाळी ८ ला निघाला, अडीच तासात नॅशव्हिलला पोचला, तिथल्या घड्याळात वाजले साडेनऊ. तोच उलटा नॅशव्हिलहून ८ ला निघाला तर चॅटनूगाला साडेअकरा. रस्ता तोच, अंतर तेच. पश्चिमेला जाताना एक तास मिळतो, पूर्वेला येताना एक तास जातो. मी लोड, म्हणजे ट्रकभर मालाची एक फेरी, बुक करताना गाडी पूर्वेला जायली की पश्चिमेला हे आधी बघते मग मैल बघते, कारण पूर्वेला जाणाऱ्या लोडवरच माल उतरवायची ठरलेली वेळ, म्हणजे अपॉइंटमेंट, हुकते.

आता मार्चचं. डेलाइट सेव्हिंग म्हणजे उन्हाळ्यात जवळपास सगळ्या देशाने घड्याळ एक तास पुढं करायचं, म्हणजे संध्याकाळचा उजेड कामाला येतो. आपल्याला हे विचित्र वाटतं कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ, लातूरला सगळ्यात लहान दिवस ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा १३ च्या थोडा वर. शिकागोला हेच ९ तास आणि १५ तास. जून महिन्यात तिथं घड्याळ पुढं केलं नाही तर पहाटे सव्वाचारलाच सूर्य वर येतो, लोक झोपलेले, तो उजेड वाया, म्हणून तो संध्याकाळकडं ढकलला. आपल्याकडं ढकलायला उजेडच शिल्लक नाही. तरीपण दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी भारताचं घड्याळही एक तास पुढं ठेवलं होतं, ते १९४५ ला परत मागं घेतलं.

बरेच लोक सांगतात की हे शेतकऱ्यांसाठी केलंय. तसं अजिबात नाही, तिथला शेतकरी पहिल्यापासून याच्या विरोधात होता. १९१८ ला पहिल्या महायुद्धात हे सुरू केलं आणि १९१९ ला शेतकऱ्यांच्या दबावाने काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते रद्द केलं, अध्यक्ष विल्सनचा विरोध बाजूला सारून. मी शेतकऱ्याच्या घरची आहे, मला हे लगेच पटतं. म्हैस घड्याळ बघून पान्हवत नाही, आणि दव वाळल्याशिवाय काढणीला हात लागत नाही, मग घड्याळात काही वाजू दे. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री असते, तेव्हा माझे वडील रात्री दोनला उठून मोटार चालू करायला जायचे. कुणीतरी दूर बसून वेळापत्रक बदलतं आणि शेतातल्या माणसाला झोप मोडून त्याच्यामागं जावं लागतं, हे तिथल्या शेतकऱ्यालाही तसंच लागलं असणार.

पुढं परत दुसऱ्या महायुद्धात वर्षभर पुढची वेळ ठेवली, नंतर राज्याराज्यांत मनमानी चालली, शेवटी १९६६ च्या कायद्याने सगळ्यांना एक तारीख लावली. जानेवारी १९७४ मध्ये तेलटंचाईत हिवाळ्यातही पुढचीच वेळ ठेवून बघितलं, पोरं अंधारात शाळेला जायला लागली, लोक चिडले, त्याच वर्षी तो प्रयोग गुंडाळला. आत्ताच्या तारखा २००७ पासूनच्या आहेत: मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार. २०२६ ला ८ मार्च आणि १ नोव्हेंबर, २०२७ ला १४ मार्च आणि ७ नोव्हेंबर. दर वर्षी लोक म्हणायलेत की हे बंद होणार, २०२२ ला सिनेटने एकमताने कायमच्या उन्हाळी वेळेचं बिल मंजूरही केलं, पण खालच्या सभागृहात ते पुढं गेलंच नाही. बातमी वाचून कामाची पद्धत बदलू नको, कायदा झाल्यावर बदल.

बदल होतो तिथल्या रात्री २ वाजता, आणि प्रत्येक झोन आपापल्या २ वाजता बदलतो, सगळा देश एकदम नाही. म्हणजे मार्चच्या त्या रविवारी आपल्या दुपारी साडेबाराला ईस्टर्न पुढं जातो, दीडला सेंट्रल, अडीचला माउंटन, साडेतीनला पॅसिफिक. साडेबारा ते दीड या एका तासात न्यूयॉर्क आणि शिकागोत दोन तासांचा फरक असतो, आणि नोव्हेंबरात तसाच एक तास असा येतो की दोघांची घड्याळं सारखी. त्या वेळी गाडी रस्त्यावर असेल तर ड्रायव्हरला घड्याळाची वेळ सांगू नको, "अजून इतके तास" असं सांग.

आणि विश्रांतीचा हिशोब, हे नीट वाच कारण यात माणसाची झोप आहे. नियमाने ड्रायव्हरला सलग १० तास सुट्टी घेतल्यावर पुढं १४ तासांच्या आत ११ तास गाडी चालवता येते. शनिवारी रात्री ८ ला त्याने गाडी लावली, तर एरवी तो सकाळी ६ ला निघू शकतो. मार्चच्या त्या रात्री ६ ला त्याचे ९ च तास झालेले असतात, १० भरतात ते सकाळी ७ ला. नोव्हेंबरात उलटं, सकाळी ५ लाच १० तास पूर्ण. ट्रकमधलं इलेक्ट्रॉनिक लॉग, म्हणजे ड्रायव्हरच्या तासांची नोंद ठेवणारं यंत्र, हे बरोबर पकडतं, पण तू आदल्या दिवशीच शिपरला, म्हणजे माल पाठवणाऱ्याला, "माझा माणूस ६ ला निघतो" असं सांगून बसलेला असतोस, आणि मग ड्रायव्हरवर दबाव येतो. तसं होऊ देऊ नको. आणि लॉग चालतं ते ड्रायव्हरच्या मूळ टर्मिनलच्या, म्हणजे त्याच्या नेहमीच्या ठाण्याच्या, वेळेवर, म्हणजे डॅलसचा ड्रायव्हर लॉस एंजेलिसला उभा असला तरी त्याच्या लॉगमध्ये डॅलसचीच वेळ. पिकअपच्या गावाचं घड्याळ, डिलिव्हरीच्या गावाचं घड्याळ आणि लॉगचं घड्याळ, एका लोडला तीन घड्याळं असू शकतात, तिन्ही वेगळी लिहायची.

आता तुझं फिनिक्स. ते आहे अॅरिझोनात, आणि अॅरिझोना राज्य १९६८ पासून घड्याळ हलवतच नाही, तिथं ऊन इतकं की संध्याकाळचा जास्तीचा उजेड कुणालाच नको असतो, आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळं फिनिक्स आपल्यापासून वर्षभर साडेबारा तास. हिवाळ्यात त्याची वेळ माउंटनमधल्या डेन्व्हर आणि अल्बुकर्कसारखी, उन्हाळ्यात लॉस एंजेलिससारखी. त्यातही ईशान्येला नवाहो लोकांचा प्रदेश आहे तो घड्याळ बदलतो, आणि त्याच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे तो बदलत नाही. नवाहोंचं ट्यूबा सिटी आणि होपींचं मोएनकोपी ही शेजारशेजारची गावं, उन्हाळ्यात एकमेकांपासून एक तास लांब. तिकडचं लोड आलं तर फोन करून विचारायचंच.

मी स्वतः इथंच फसले होते, कामाला लागून पहिलाच हिवाळा झाला होता. चार महिने माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की फिनिक्स आणि अल्बुकर्क एकच वेळ. मार्चच्या बदलानंतरच्या मंगळवारी फिनिक्सहून गाडी सकाळी ६ ला काढली, सात तासांचा रस्ता, डिलिव्हरी दीडची, अर्धा तास हातात आहे म्हणून मी निवांत. गाडी पोचली तेव्हा अल्बुकर्कला २ वाजले होते. गोदामवाल्यांनी घेतलं नाही, दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. ड्रायव्हर वयस्कर माणूस होता, त्याच्या नातीचा वाढदिवस होता म्हणून तो रिकामी गाडी घेऊन रात्रीत घरी जाणार होता, तो तिथंच पार्किंगमध्ये झोपला. मला एक शब्द बोलला नाही तो. अकरा वर्षांत त्याच्याशी नंतर कितीतरी वेळा बोलले असेन पण ती रात्र माझ्या मनातून जात नाही, म्हणूनच तुला इतकं लांबण लावून सांगतेय.

लिहायच्या काही सवयी सांगते. ईएसटी म्हणजे ईस्टर्नची हिवाळी वेळ, ईडीटी म्हणजे उन्हाळी. ब्रोकर लोक, म्हणजे लोड मिळवून देणारे दलाल, जुलैमध्येही बिनधास्त ईएसटी लिहितात, त्यांना म्हणायचं असतं "आमची वेळ". शब्दशः धरलंस तर एक तास चुकतो. तू स्वतः लिहिताना ईटी (ईस्टर्न टाइम), सीटी (सेंट्रल टाइम) असं लिही, म्हणजे ऋतूचा प्रश्नच येत नाही, किंवा सरळ "अटलांटाच्या वेळेनुसार" लिही. आपल्या वेळेला आयएसटी लिहून तिकडं पाठवू नको, इस्रायल आणि आयर्लंडचीही आयएसटीच आहे. तारीख लिहिताना महिना अक्षरात, कारण ते महिना आधी लिहितात आणि आपण दिवस, ०३/०८ त्यांचा ८ मार्च आणि आपला ३ ऑगस्ट. आणि वार लिहायचाच, डॅलसला शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजलेले असतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडं शनिवारची पहाटेची साडेपाच झालेली असते, अशा वेळी "उद्या सकाळी" म्हणालास तर कुणाचा उद्या? रात्री १२ तर लिहूच नको, रात्रीचे ११:५९ लिही.

एक्सेलमध्ये "अधिक साडेदहा तास" असा फॉर्म्युला ज्याने टाकलाय त्याची शीट मार्चमध्ये गुपचूप चुकायला लागते, कुणाला कळतही नाही. मोबाईलच्या घड्याळात गावं टाक: न्यूयॉर्क, शिकागो, डेन्व्हर, फिनिक्स, लॉस एंजेलिस. फोनच्या आत जी यादी असते ती गावांच्याच नावाने केलेली आहे, म्हणून आपली वेळ तिथं कोलकाता नावाने दिसते, आणि डेन्व्हर, फिनिक्स वेगवेगळे असतात. कुठल्या गावाने कुठल्या वर्षी घड्याळ कधी हलवलं ते सगळं त्यात असतं. फोन अपडेट ठेव फक्त, देश नियम बदलत राहतात. मेक्सिकोने २०२२ ला डेलाइट सेव्हिंग बऱ्याच भागात बंद केलं, पण अमेरिकेच्या हद्दीलगतच्या बऱ्याच गावांनी ठेवलं, त्यामुळं उन्हाळ्यात मेक्सिकोतलं मॉन्टेरी आणि टेक्सासमधलं लारेडो यांच्यात एक तासाचा फरक असतो. बॉर्डरची लोडं करणार असशील तर हे लागेल. युरोपचं काम आलं तर त्यांचा बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कचं नेहमीचं गणित जुळत नाही.

राहिलं तुझं मनगटातलं घड्याळ. डॅलसवर लावू नको. घरच्यांशी, गोळीच्या वेळेशी, एसटीच्या वेळेशी आपली गाठ आपल्याच घड्याळाने असते, आणि रात्रपाळी करणाऱ्याने ते सोडलं की तब्येत आणि घर दोन्हीकडं ताळमेळ राहत नाही. टेबलासमोर भिंतीवर दुसरं घड्याळ लाव, खाली कागदावर गावाचं नाव. माझ्याकडं तसंच आहे, खाली "डॅलस" लिहिलंय. माझी शिफ्ट तिथल्या ८ ते ५, म्हणजे हिवाळ्यात आपली साडेसात ते पहाटे साडेचार, उन्हाळ्यात साडेसहा ते साडेतीन. मार्चच्या त्या रविवारी दुपारी दीडला, जेवणं उरकली की माझी मुलगी स्टुलावर चढून काटा एक तास पुढं करते, आणि सोमवारपासून मी भाकरी सहाच्या ऐवजी पाचला टाकते.